मागितलं मायएसक्यूएल, आलं मारियाडीबी

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याचं बिलिंग डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असेल, तर तिथे एक गंमत करून बघा. 'डीफॉल्ट मायएसक्यूएल सर्व्हर' नावाचं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा, मागवा. मायएसक्यूएल हा डेटा साठवणारा मोफत डेटाबेस. ते उतरतं, सर्व्हर सुरू होतो, तुम्ही आत शिरता आणि प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या ओळीवर, नाव दिसतं मारियाडीबी या त्याच्या भावंडाचं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला सहसा पत्ताही लागत नाही.

मायएसक्यूएल १९९५ सालचं. २००८ मध्ये ते सन कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलरना घेतलं आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पदरात पडली. ओरॅकल स्वतः डेटाबेस विकणारी कंपनी, तेव्हा शंका येणारच. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच कोडवर मारियाडीबीची वेगळी चूल मांडली. कोड जीपीएल परवान्याचा, म्हणजे कुणीही घेऊन बदलावा असा खुला, असल्याने कुणाला विचारावं लागलं नाही. थोरल्या मुलीचं नाव 'माय', धाकटीचं 'मारिया'. बारशाचा प्रश्न घरातच सुटला.

पण कोड तयार असणं वेगळं आणि डिस्ट्रोत, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचात, जागा मिळणं वेगळं. दोन्ही डेटाबेसना ३३०६ हाच पोर्ट, म्हणजे जोडणीचा दरवाजा, हवा, डेटा ठेवायला एकच फोल्डर हवा, कितीतरी फाइलींची नावंही तीच. एका सातबाऱ्यावर दोन मालक! म्हणून मारियाडीबीच्या पॅकेजच्या माहितीत मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, लिहून ठेवतो की हे मायएसक्यूएलची गरज भागवतं, पण त्याच्यासोबत नांदत नाही. 'डीफॉल्ट' पॅकेज तर जवळपास रिकामंच असतं, ते फक्त खऱ्या पॅकेजकडे बोट दाखवतं. खरं कष्टाचं काम असतं मायएसक्यूएलच्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडवर, विसंबलेली बाकीची पॅकेजेस नव्या लायब्ररीशी जोडून पुन्हा बिल्ड करण्याचं, म्हणजे नव्याने बांधण्याचं. त्याचं कौतुक कुणी करत नाही. मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आणण्याचा हा बदल फेडोरा या डिस्ट्रोने २०१३ मध्ये केला, रेड हॅटने २०१४ मध्ये, डेबियनने २०१७ मध्ये.

उबंटू या डिस्ट्रोच्या 'डीफॉल्ट' पॅकेजचं बोट मात्र अजून मायएसक्यूएलकडेच आहे. आज्ञा तीच, डेटाबेस वेगळा. ऐरोलीतल्या एखाद्या ऑफिसने उबंटूवरचा सर्व्हर डेबियनवर हलवताना डेटाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नेलं, तर मारियाडीबी सुरूच होणार नाही, कारण मायएसक्यूएल ८.० पासून टेबलांची आतली नोंदवही पार बदलली आहे. त्यामुळे आधी डंप काढायचा, म्हणजे सगळा डेटा साध्या एसक्यूएल मजकुरात उतरवायचा, आणि तो पलीकडे भरायचा.

तिथेही एक खाचखळगा आहेच. अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम, म्हणजे कोलेशन, मायएसक्यूएल ८.० मध्ये नवा आला. त्याच्या नावात '०९००' असतं आणि डेबियन १२ मधल्या मारियाडीबी १०.११ ला तो ओळखूच येत नाही. डंपची फाइल उघडून त्या जागी जुन्या युनिकोड कोलेशनचं नाव घातलं की भरणं पुढे सरकतं. मग ग्राहकांची यादी एकदा नावाप्रमाणे लावून बघावी. मराठी नावांचा क्रम इकडेतिकडे झाला असेल तर तो तिथेच दिसतो.