चुन्याची भट्टी आणि ‘के’

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आमची पोरं खानापूर, निपाणीकडून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला बेळगावात येतात. पहिल्याच वर्षी ‘इक्विलिब्रियम’ पुढ्यात येतं. मराठीत समतोल म्हटलं की डोळ्यांपुढे तराजू येतो, दोन्ही पारडी सारखी. घोटाळा तिथूनच सुरू होतो. समतोलात पदार्थांचं प्रमाण सारखं असायची गरज नाही. सारखे असतात ते वेग. जितकं मोडतं, तितकंच त्याच वेळी परत जुळतं.

आपल्या ओळखीची चुन्याची भट्टी घ्या. चुनखडी भाजली की चुनकळी उरते आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हेच बंद भांड्यात केलं, तर कोंडलेला वायू चुनकळीला पुन्हा धरतो आणि तिची परत चुनखडी होते. ८०० अंश सेल्सिअसला वायूचा दाब वाढत वाढत साधारण ०.२ वातावरणापाशी थांबतो (१ वातावरण म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब). हा आकडा म्हणजेच त्या तापमानाचा समतोल स्थिरांक, ‘के’.

‘‘सर, चुनखडी दुप्पट घातली तर के वाढतंय की!’’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो आवडतो. नाही वाढत. ढीग मोठा झाला तर मोडायला जागा जास्त मिळते, तशीच जुळायलाही जास्त मिळते, फिट्टंफाट. म्हणून सूत्रात घन पदार्थ दिसतच नाहीत, उरतो फक्त वायूचा दाब. पोरं ‘घन पदार्थ सोडायचे’ एवढंच पाठ करतात आणि परीक्षेत नको तिथे पाण्याची वाफही सोडून देतात. बाहेरून आणखी वायू भरला तरी जादाचा चुनकळी गिळते (ती पुरेशी असेल तर) आणि दाब परत ०.२ वर येतो.

‘के’ हलतो तो तापमानाने. ९०० अंशांच्या आसपास तो १ होतो, म्हणजे निघणारा वायू बाहेरच्या हवेच्या तोडीचा. भट्टी एवढी तापवतात ती त्यासाठी. उघड्या भट्टीत तर वारा वायू घेऊन जातो आणि समतोल होऊच देत नाही.

समतोलाचा हा नियम मांडला तो १८६४ साली नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या शास्त्रज्ञांनी. दोघे एकमेकांचे साडू.

२५ अंशांना मात्र ‘के’ इतका लहान, की दशांश चिन्हानंतर बावीस शून्यं लिहावी लागतात. हवेत कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.०००४ वातावरण आहे, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे चुना परत दगड होणार, हे ठरलेलं. कधी होणार, ते ‘के’ सांगत नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याची जाड भिंत फोडली, तर आत शेकडो वर्षांनीही दगड न झालेला विझवलेला चुना सापडू शकतो.