छोट्या स्केलची ऐतिहासिक सैन्यं: घेताना, रंगवताना आणि मित्रांबरोबर खेळताना

टेबलावर जुन्या लढाया खेळण्यासाठी आम्ही धातूचे छोटे सैनिक बनवतो. त्यांचं पाकीट हातात घेतलं की जवळजवळ प्रत्येक नवीन ग्राहक हेच विचारतो, की अहो एवढे बारीक सैनिक रंगवायचे तरी कसे आणि रंगवून दिसणार तरी काय. म्हणून हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येक ऑर्डरबरोबर टाकतो. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: छोट्या स्केलमध्ये एकटा सैनिक बघायचाच नसतो, अख्खी पलटण बघायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं, किती रंगवायचं, कसं खेळायचं यातले अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

मापाबद्दल थोडं

आम्ही 6 मिमी आणि 10 मिमी या दोन मापांत फिगर म्हणजे सैनिक बनवतो, हे माप म्हणजे सैनिकाची उंची. 6 मिमी म्हणजे साधारण 1:285 ते 1:300, आणि 10 मिमी म्हणजे 1:150 च्या आसपास. त्याच्या वर 15 मिमी, मग 20 मिमी म्हणजे प्लॅस्टिक किटवाले ज्याच्या जवळपासच्या मापाला 1:72 म्हणतात ते, आणि मग 28 मिमी, जे बहुतेकांनी फोटोत बघितलेलं असतं. 2 आणि 3 मिमीचेही असतात, त्यात पलटण म्हणजे जवळजवळ एक ठोकळाच असतो आणि तोही लांबून मस्त दिसतो.

ही मापं सगळीकडे काटेकोर नसतात हे मात्र लक्षात ठेवा. कोणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कोणी डोक्याच्या टोकापर्यंत, त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणचे 10 मिमी शेजारी उभे केले की एक उंच आणि एक बुटका निघतो. एकाच बेसवर (म्हणजे सैनिक चिकटवायच्या छोट्या तळपट्टीवर) मिसळू नका, वेगवेगळ्या बेसवर असतील तर दोन हातांवरून कोणाला काही कळत नाही.

एवढं छोटं कशासाठी

उदाहरण म्हणून 18 जून 1815 ची वॉटर्लूची लढाई घ्या, एका बाजूला नेपोलियनचे फ्रेंच, दुसऱ्या बाजूला वेलिंग्टनची फौज आणि नंतर तिच्या मदतीला आलेले प्रशियन. 600 जणांची ब्रिटिश बटालियन दोन रांगांत उभी राहिली की एका रांगेत 300 माणसं, एका माणसाला साधारण 55 सेंमी जागा धरली तर बटालियनची रुंदी झाली 165 मीटर. आता 6 मिमीमध्ये ही बटालियन एका 60 मिमी रुंद बेसवर बसवली, 24 सैनिक, बारा-बाराच्या दोन रांगा. म्हणजे टेबलावरचे 60 मिमी म्हणजे मैदानावरचे 165 मीटर. वॉटर्लूची आघाडी ढोबळमानाने 5 किमी होती, या हिशोबात ती 1.8 मीटरच्या टेबलावर जवळजवळ पूर्ण बसते! डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळी लढाई एका नजरेत, मधे घोडदळाला फिरायला जागा आहे, मागे राखीव फौज उभी आहे, आणि एखादी ब्रिगेड चुकीच्या जागी आहे हे बघणाऱ्याला लगेच दिसतं. 28 मिमीमध्ये तेवढ्याच टेबलावर चार-पाच बटालियन खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात आणि बगल (फौजेची मोकळी बाजू) नावाची गोष्टच उरत नाही, कारण टेबलाची कड हीच बगल.

इसवी सनपूर्व 216 मधली कॅनीची लढाई तर याहून चांगलं उदाहरण आहे. रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या हॅनिबलची मधली फळी पुढे फुगलेली होती, ती रोमन रेट्यापुढे हळूहळू मागे वाकत गेली, आणि रोमन सैन्य त्या खोलगट भागात आत आत शिरत असताना दोन्ही बाजूंनी त्याचं आफ्रिकन पायदळ आणि पाठीमागून घोडदळ त्यांच्यावर पडलं. हा वाक टेबलावर दिसायला हवा असेल तर बेसची लांबलचक रांग लागते आणि ती छोट्या स्केलमध्येच परवडते, जागेच्याही आणि वेळेच्याही दृष्टीने.

एक तडजोड मात्र सगळ्यांनाच करावी लागते. आपला सैनिक 1:300 च्या आसपास आहे पण वरच्या हिशोबात जमीन 1:2750 झाली, म्हणजे उंची एका मापात आणि अंतर दुसऱ्या मापात. म्हणून 6 मिमीचं एक घर ठेवलं की ते अख्ख्या वाडीची जागा खातं. त्यावर चांगला उपाय म्हणजे घरं एक माप लहान घ्यायची, 6 मिमी सैनिकांबरोबर 3 मिमीची घरं, दोन-तीन घरांचा पुंजका आणि त्याच्याखाली गावाच्या आकाराचा कापडाचा तुकडा. गावात बेस शिरला की घरं बाजूला सरकवायची, कापड तिथेच राहू द्यायचं. डोळ्याला अजिबात खटकत नाही, उलट गाव गावासारखं दिसतं.

आणि खरं सांगायचं तर ज्यांना दहा-बारा जणांची चकमक खेळायचीय, दारात कोण उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे असं, त्यांनी 28 मिमीच घ्यावं. आमच्याकडे विचारलंत तरी आम्ही हेच सांगू.

सुरुवातीला काय घ्यायचं

दोन्ही बाजू घ्या. हा आमचा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. मित्र म्हणतो मी फ्रेंच घेतो तू ऑस्ट्रियन घे, मग एकाचं रंगवून होतं, दुसऱ्याचं नोकरी-परीक्षा-लग्न यात राहून जातं, आणि तयार सैन्य कपाटात पडून राहतं. त्यापेक्षा तुम्ही एकट्याने दोन छोटी सैन्यं पूर्ण करा, प्रत्येकी दहा-बारा बेस पुरे, त्यात सहा-सात पायदळ, दोन-तीन घोडदळ, एक-दोन तोफा आणि एक सेनापती. मग ज्याला खेळायचंय त्याने फक्त यायचं. सैन्य वाढवायला नंतर आयुष्य पडलंय.

काळ एकच निवडा. ज्याच्याबद्दल तुम्ही आपणहून वाचता तोच, कारण गणवेश, झेंडे, कोण कुठे उभं होतं हे शोधण्यात या छंदाचा निम्मा आनंद आहे. आमच्या काही ग्राहकांनी पानिपत, 14 जानेवारी 1761, हाच एक दिवस धरून सगळा संग्रह उभा केलाय, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफा एका टोकाला, अब्दालीकडे उंटांवरच्या जंबुरक तोफा आणि हाताशी ठेवलेली राखीव फौज, जी दुपारनंतर कामाला आली. अशा एका दिवसाच्या संग्रहाचा फायदा असा की काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं हे इतिहासच सांगतो, नाहीतर पाकिटं जमत राहतात आणि रंगवायचं राहूनच जातं. ज्यांच्याकडे आमची न उघडलेली पाकिटं पडून आहेत त्यांनी आधी ती संपवावीत, मग नवीन मागवावीत, आम्हाला चालेल.

आणि ऑर्डर देण्याआधी मित्रांशी बेसचं माप ठरवा! 6 मिमीला 60 बाय 30 मिमी बरेच जण वापरतात, काही जण 40 मिमी रुंदीचे. कोणतंही चालतं पण सगळ्यांचं एकच हवं, कारण रंगवलेली पलटण बेसवरून उचकटून परत लावणं हे फार जिवावर येणारं काम आहे.

रंगवणं

6 मिमीचं पायदळ आम्ही चार-चार सैनिकांच्या पट्टीत ओततो. पट्टीच्या कडेला धातूचा पातळ पापुद्रा राहिलेला असेल तर बारीक कानसने किंवा ब्लेडने काढा, मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, कारण साच्यातली पावडर राहिली की रंग धरत नाही. सुकल्यावर पट्ट्या आइस्क्रीमच्या काडीवर थोड्या थोड्या अंतराने चिकटवा, एका काडीवर एक पलटण.

प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पहिला हात काळा किंवा गडद चॉकलेटी मारा. पांढरा नको, कारण छोट्या स्केलमध्ये जिथे ब्रश पोचत नाही तिथे सावलीच दिसायला हवी, आणि ती सावली फुकटात मिळते. मग कोट, मग पँट, मग चेहरा आणि हात, मग बंदूक. प्रत्येक रंग सगळ्या पलटणीला एकदम, एक-एक सैनिक पूर्ण करायला बसू नका. रंग मात्र खऱ्या गणवेशापेक्षा दोन छटा उजळ वापरा. छोटी वस्तू डोळ्याला आहे त्यापेक्षा काळपट दिसते, त्यामुळे फ्रेंचांचा खरा गडद निळा मारला तर टेबलावर तो काळाच दिसतो, मधला निळा मारला की बरोब्बर फ्रेंच वाटतात.

छातीवरचे पांढरे पट्टे हे नेपोलियनच्या काळातल्या पायदळाचं सगळ्यात मोठं काम. ब्रश टोकदार हवा, बारीक नको. फार बारीक ब्रशवर रंग टोकापर्यंत यायच्या आतच सुकतो. 0 किंवा 1 नंबरचा चांगला ब्रश घ्या, रंग दुधासारखा पातळ करा, ब्रशची कड उठावावरून नुसती टेकवत न्या, पट्टा आपोआप उमटतो. डोळे, बटणं, मिशा असलं काही रंगवू नका. चेहऱ्यावर अंगाच्या रंगाचा एक ठिपका आणि वरून थोडा पातळ तपकिरी वॉश (खाचांत साचणारा पाण्यासारखा रंग), एवढ्यात नाक-डोळे असल्यासारखे दिसतात.

घोडे बहुतेक तपकिरी ठेवा, तीन-चार छटांमध्ये, मधे एखादा काळा. पांढरे-राखाडी कमी. फ्रेंच घोडदळात ट्रंपेटवाले बहुधा राखाडी घोड्यावर असायचे, तेवढं एक रंगवलंत की जाणकार माणूस लगेच ओळखतो.

झेंडा स्केलपेक्षा थोडा मोठा लावा. शुद्ध मापाचा झेंडा 6 मिमीमध्ये दिसत नाही, आणि पलटण कोणाची हे लांबून झेंड्यावरूनच कळायचं असतं. कागदी झेंडा काठीभोवती दुमडा, आतून पांढरा गोंद लावा, आणि गोंद ओला असतानाच बोटांनी वळवून लाट द्या, सुकला की तसाच राहतो. कापलेली पांढरी कड दिसते ती त्याच रंगाने रंगवायला विसरू नका, ही एवढीशी गोष्ट केली की झेंडा कागदी वाटतच नाही.

बेस 2 ते 3 मिमी जाडीचा घ्या म्हणजे उचलताना बोटं बेसला लागतात, सैनिकांना नाही. बेसवर गोंद, बारीक वाळू, तपकिरी रंग, फिक्या रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर घासलेला रंग), मग थोडं फ्लॉक (गवतासारखा दिसणारा भुसा). सगळा बेस हिरवागार करू नका, मधे मधे माती दिसू द्या. मागच्या कडेला पलटणीचं नाव चिकटवा. दोन्ही सैन्यांना एकाच रंगाची जमीन द्या, ते एकाच मैदानावर लढतायत ना.

खेळणं

रुल्स कुठलेही घ्या, पण एका बेसचा हिशोब ठेवणारे घ्या. एक-एक सैनिक काढून ठेवायचे रुल्स छोट्या स्केलला जमत नाहीत. बहुतेक चांगल्या रुल्समध्ये मरणाऱ्यांपेक्षा मोराल म्हणजे पलटणीची हिंमत महत्त्वाची असते, पलटण हादरते, मागे सरते, परत उभी राहते किंवा पळते, आणि खऱ्या लढायाही तशाच व्हायच्या.

चार-पाच मित्र असतील तर एकाला अंपायर करा, हे आमचं आवडतं मत आहे आणि ते आम्ही प्रत्येकाला सांगतो. ही पद्धत जुनी आहे, 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे जे नियम छापले त्यात अंपायरच सगळं चालवायचा आणि खेळणाऱ्याला त्याच्या सैन्याला दिसेल तेवढंच सांगायचा. तुम्हीही तसंच करा. प्रत्येक मित्राला एक-एक कोअर (सैन्याचा मोठा भाग) द्या, सेनापतीने चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, आणि चिठ्ठी दोन टर्न (खेळाच्या पाळ्या) उशिरा पोचवायची. वॉटर्लू खेळताना प्रशियन नक्की कोणत्या टर्नला येणार हे फक्त अंपायरने गुपचूप डाइस टाकून ठरवायचं. नेपोलियन खेळणारा मग सारखा उजवीकडे बघत बसतो आणि राखीव फौज सोडू की नको यात अडकतो, नेमकं जे व्हायला हवं ते होतं. वेलिंग्टनने बरेचसे सैनिक टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर आडोशाला ठेवले होते, तेही अंपायर असेल तरच खऱ्या अर्थाने करता येतं, टेबलावर बेस न ठेवता त्याच्या कागदावर नोंद करायची.

रुल्सवरून वाद झाला तर दोघांनी आपापली बाजू एकेका वाक्यात सांगायची, डाइस टाकायचा, 4, 5, 6 आला तर एकाचं नाहीतर दुसऱ्याचं, आणि पुढे जायचं. पुस्तकात नंतर बघा. संध्याकाळ मित्रांबरोबर घालवायला आलोय, कलमं वाचायला नाही. आणि वेळ आधीच ठरवा, तीन तासांत निकाल लागेल एवढीच फौज टेबलावर काढा, अर्धवट राहिलेल्या लढाईची चुटपुट फार दिवस राहते.

मैदानाला फार खर्च नको. हिरवट-तपकिरी कापड, त्याखाली पुस्तकं घालून टेकड्या, रस्त्यांना तपकिरी पट्ट्या. टेकडी कुठे सुरू होते हे खेळाआधी सगळ्यांनी मिळून ठरवून घ्या, बस.

जपणूक आणि तक्रारी

बेसखाली स्टीलचा पातळ पत्रा किंवा स्टील पेपर लावा आणि डब्याच्या तळाला मॅग्नेटिक शीट, मग डबा तिरका झाला तरी पलटणी हलत नाहीत. रंगवल्यावर मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, दमट हवेत फवारू नका, पांढुरकी साय धरते.

फिगर फार लहान आणि टोकदार आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नका. कानस मारल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, आणि ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर ती मोडा. कोणाकडून जुन्या फिगर घेतल्या असतील तर जास्तच काळजी घ्या, जुन्या धातूत शिसं असायचं.

भाले आणि संगिनी वाकलेल्या आल्या तर घाबरू नका, धातू मऊ आहे, बोटाने हळूच एकदाच सरळ करा, पुन्हा पुन्हा वाकवलं तर तुटेल. ओतताना अर्धवट राहिलेली पट्टी, पाय नसलेला घोडा, तोफेचं चाक कमी असं काही निघालं तर रंगवायच्या आधी फोटो काढून पाकिटावरच्या कोडसकट पाठवा, आम्ही दुसरी पट्टी पाठवतो, जुनी परत नको, ती मैदानावर पडलेल्यांच्या बेससाठी तुम्हालाच उपयोगी पडेल.