मासळीची पकडीनंतरची हानी

मासळी जाळ्यात आल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिच्या वजनात, प्रतीत किंवा किमतीत होणारी घट. अभ्यासक तिचे तीन प्रकार मानतात : माल कुजल्याने वा किडीने खाल्ल्याने होणारी भौतिक हानी, माल विकला जाऊनही प्रत उतरल्याने कमी दर मिळणे, आणि मासळी उत्तम असूनही आवक वाढून भाव पडणे.

हानीच्या मोजमापाबद्दल एकवाक्यता नाही. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या (सीफेट) २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील सागरी मासळीची हानी सुमारे २.८ टक्के दिसते. २०१५ च्या अहवालात ती १०.५२ टक्के आहे. एवढ्या थोड्या काळात नासाडी जवळजवळ चौपट झाली असे मानण्यापेक्षा पाहणीच्या पद्धतीत फरक पडला असावा, हे अधिक संभवनीय वाटते. शिवाय असे आकडे वजनाचे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) आफ्रिकेतील पाच देशांत केलेल्या अभ्यासांत एकूण हानीचा बहुतांश भाग प्रत उतरल्यामुळे झालेला आढळला. गरीब मासळी विक्रेत्या स्त्रियांचे नुकसान समजून घ्यायला प्रत उतरल्याने होणाऱ्या घटीची मोजणीच अधिक उपयोगी आहे. त्या मासळी फेकत नाहीत, पडेल भावाने विकतात.

उत्तर कोकणातील बोंबील हे याचे ठळक उदाहरण. त्यात पाण्याचा अंश फार, त्यामुळे बर्फाविना तो काही तासांतच उतरतो. उरलेला माल कोळणी वलांडीवर (खांबांना दोऱ्या बांधून केलेल्या वाळवणीच्या मांडणीवर) सुकवतात : दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. मीठ सहसा लावत नाहीत. पहिले एकदोन दिवस सर्वांत जोखमीचे. ओल्या अंगावर माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात. अवकाळी पाऊस आला तर बुरशी येते आणि माल खताच्या किंवा कोंबडीखाद्याच्या भावाने जातो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या पावसाने मुंबईच्या किनाऱ्यावरील सुकत घातलेली मासळी अशीच भिजली. पुढे साठवणीत डर्मेस्टिस जातीचे भुंगेरे लागतात. ते सुक्या मालावरच पोसतात. जवळा (कोळंबीसारखी बारीक मासळी) जमिनीवर पसरला की त्यात वाळू मिसळते, आणि वाळूचा जवळा गिऱ्हाईक हाताने चाळूनच ओळखते.

उपायांत घानातील चोरकोर भट्टी विशेष प्रसिद्ध आहे. १९७० च्या आसपास आक्राजवळच्या चोरकोर वस्तीत ती विकसित झाली. मातीच्या आयताकृती चुलीवर जाळीची तबके एकावर एक रचल्याने धूर सर्व थरांतून फिरतो, सरपण कमी लागते आणि मासे करपत नाहीत. मासे धुरावणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊनच तिची रचना ठरली, हे तिच्या प्रसाराचे मुख्य कारण मानले जाते.

भारतात कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) सौर शुष्कके (उन्हाच्या उष्णतेवर चालणारी वाळवणयंत्रे) तयार केली असून काहींत पावसाळी दिवसांसाठी विजेची वा गॅसची जोड असते. त्यात माल स्वच्छ सुकतो व दर चढा मिळतो. मात्र हंगामात एका दिवशी येणारा बोंबील त्यांत मावत नाही, म्हणून वलांडीची उंची वाढवणे, वर जाळी टाकणे, खाली सिमेंटचा ओटा करणे आणि किनाऱ्यालगत माल झाकून ठेवण्यापुरती पक्की शेड बांधणे, ही कमी खर्चाची कामे आधी हाती घेणे इष्ट ठरते.