पुढे एक कंपनी, मागे दुसरी

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे गेलं की एखादी पोर्शे किंवा मस्टँग शेजारून गुरगुरत जाते. पैसा द्राक्षांचा असो, बांधकामाचा असो की कारखान्याचा, या गाड्यांच्या मालकांवर एक वेळ येतेच. मागचे दोन टायर गुळगुळीत झालेले असतात आणि पुढचे अजून निम्मे शिल्लक असतात. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे मागचे टायर मिळत नाहीत. मुंबईला फोन होतात, 'महिना-दीड महिना लागेल' असं उत्तर येतं. मग टायरवाला म्हणतो, "साहेब, माप सेम आहे, फक्त कंपनी दुसरी. काय फरक पडतो?"

ही वेळ मुळात येते ती मापांमुळे. साध्या गाडीला चारही टायर एकाच मापाचे असतात, त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून झीज सारखी करता येते. पोर्शे ९११च्या सध्याच्या पिढीतली कॅरेरा एस घ्या. तिचे पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि २० इंची, मागचे ३०५ मिलिमीटर रुंद आणि २१ इंची. अदलाबदलीचा प्रश्नच नाही. इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांना, म्हणून झीजही मागेच जास्त. त्यात जून २०२०पासून केंद्र सरकारने टायरची आयात खुली ठेवलेली नाही, परवाना लागतो. सातपूरला सिएटचा कारखाना असलेल्या शहरात टायरसाठी ताटकळावं लागतं ही गंमतच, पण ३०५ रुंदीच्या टायरची दुनियाच वेगळी आहे.

आता टायरवाल्याच्या प्रश्नाकडे. फरक पडतो. मात्र 'कोणती कंपनी चांगली' या दिशेने विचार केला तर तो दिसणारच नाही. गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की वळणात पुढची जोडी आधी सुटते की मागची.

टायर वळतो कसा, इथून सुरुवात करू. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक ज्या दिशेला तोंड करतं, नेमकं त्याच दिशेला ते जात नाही. जमिनीला टेकलेला रबराचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. तो रस्त्याला धरून राहतो आणि वरचं चाक किंचित वळतं. मधलं रबर पिळवटलं जातं आणि त्या पिळातूनच गाडीला बाजूला ढकलणारं बळ तयार होतं. चाकाचं तोंड आणि चाकाची प्रत्यक्ष वाट यांच्यातल्या या कोनाला अभियंते 'स्लिप अँगल' म्हणतात. नाव घसरण्याचं असलं तरी टायर तेव्हा घसरत नसतो. कोन शून्य असेल तर बाजूचं बळही जवळपास शून्य. सुरुवातीला कोन वाढेल तसं बळ वाढतं, पुढे वाढ मंदावते, आणि रस्त्यावरच्या बहुतेक टायरांत साधारण सहा ते दहा अंशांच्या आसपास ते शिगेला पोहोचून उतरू लागतं.

वळणात मागच्या टायरांनाही असाच कोन लागतो, आणि सगळी मेख इथेच आहे. मागचे टायर बाणाच्या पिसांचं काम करतात: पिसं शाबूत असली की बाण सरळ जातो, ती गेली की टोक कितीही चांगलं असलं तरी बाण भेलकांडतो. पुढच्या टायरांना मागच्यांपेक्षा जास्त कोन लागत असेल तर गाडी वळणात थोडी बाहेर जाते, मंद वाटते. चालक घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते आणि गाडी पुन्हा आत येते. म्हणजे घाबरटपणा इथे उपयोगी पडतो. मागच्यांना जास्त कोन लागत असेल तर मात्र उलटं होतं. शेपूट बाहेर जातं, नाक आत वळतं, वळण आपोआप आवळतं. आता पाय उचलला की मागचं वजन आणखी कमी होतं आणि शेपूट आणखी सुटतं. नेमकी नैसर्गिक प्रतिक्रियाच घात करते. म्हणून रस्त्यावरची जवळपास प्रत्येक गाडी, स्पोर्ट्स कारसुद्धा, कारखान्यातून पहिल्या स्वभावाची बनवून पाठवली जाते.

हा स्वभाव टायर बदलल्याने किती हलतो? कागदावर एक हिशेब करू. आकडे मी सोयीचे धरलेत, पण अवास्तव नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९११सारखंच, २.४५ मीटर. वजनाच्या निम्म्याइतकं बाजूचं बळ लागेल अशा वळणात पुढच्या टायरांना २.५ अंश कोन लागतो, मागच्यांना २ अंश. अर्ध्या अंशाचं हे अंतर म्हणजे गाडीचा संयम. आता मागे मापाने तेच, पण ३० टक्के मऊ बांधणीचे टायर घातले. त्यांना तेवढ्याच बळासाठी सुमारे २.८६ अंश लागतील. पुढचे २.५वरच आहेत. पारडं फिरलं.

अशा गाडीला एक मर्यादा-वेग असतो, ज्याच्या पुढे ती सरळ रस्त्यावरही स्वतःहून स्थिर राहू शकत नाही. आपल्या हिशेबात तो ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास येतो. 'आम्ही कुठे एवढ्या वेगाने जातो' असं कुणी म्हणेल. पण मर्यादेच्या बऱ्याच अलीकडेच गाडी चिडखोर होते. समृद्धी महामार्गावर कारला परवानगी असलेला १२० चा वेग धरला, तर स्टिअरिंगच्या तेवढ्याच हालचालीला ही गाडी मूळच्यापेक्षा चौपटीहून थोडी जास्त वळेल. एखादा ट्रक अचानक लेन बदलतो आणि तुम्ही सवयीने हात हलवता तेव्हा ही चौपट हाती येते. शहरात, कॉलेज रोडच्या गर्दीत, ४०च्या वेगाने यातलं जवळजवळ काहीही जाणवणार नाही. म्हणून 'मी तर चालवून पाहिली, मस्त चालते' या अनुभवाला फारसा अर्थ नाही.

ही मिसळ उलट केली तर? पुढचे मऊ, मागचे ताठ. गाडी आळशी होईल, वळायला कुरकुरेल, पैसे खर्चून विकत घेतलेली मजा जाईल. त्यापलीकडे फारसं काही बिघडत नाही. मिसळ वाईट की चालण्यासारखी, हे ती कोणत्या बाजूला झुकते यावर ठरतं.

मोटारींच्या इतिहासाने हा धडा आधीच गिरवलाय. मिशेलिनने १९४६मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९मध्ये तो बाजारात आणला. जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरांपेक्षा तो वळणात बराच ताठ होता. लोक हौसेने दोनच रेडियल घेत, आणि स्टिअरिंग हलकं-चपळ वाटावं म्हणून पुढे बसवत. परिणाम वर सांगितला तोच: शेपूट सुटायचं. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे जुने टायर लावणं कायद्यानेच बंद आहे. त्याच्या उलट जोडीला मात्र मुभा आहे.

टायर न बदलता, नुसत्या हवेनेही हे घडतं. १९६०चं मॉडेल म्हणून आलेल्या शेवरले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं. तिला पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय हवा ठेवायला कंपनीने सांगितलं होतं. पुढचे टायर मुद्दाम मऊ, म्हणजे गाडी मवाळ राहील. पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की ही सगळी युक्ती पाण्यात. आपल्याकडे पेट्रोल पंपावर 'चारों में पैंतीस' हा मंत्र आजही चालतो, आणि मागे इंजिन असलेल्या गाडीचा मालकही बिनदिक्कत मान डोलावतो.

इथपर्यंत गोष्ट कोरड्या रस्त्याची होती. खरी गुंतागुंत पाऊस आणि तापमानाने येते, आणि नाशिक जिल्हा या बाबतीत एक प्रयोगशाळाच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये तोच रस्ता चाळिशीच्या उन्हात भाजत असतो.

रबराची पकड दोन गोष्टींतून येते: रस्त्याला रेणूंच्या पातळीवर चिकटणं, आणि खडबडीत खड्यांवरून जाताना दबून परत सावकाश उसळणं. पाण्याचा थर मध्ये आला की चिकटणं कमी होतं आणि सगळी मदार त्या सावकाश उसळण्यावर राहते. हा गुण रबराच्या मिश्रणावर अवलंबून असतो. काळ्या कार्बनच्या जोडीला, कधी त्याच्या जागी, सिलिका किती आहे, कुठलं रेझिन आहे, यावर. १९९२मध्ये मिशेलिनने सिलिकायुक्त टायर आणल्यानंतर ओल्यातली पकड न घालवता इंधन वाचवता येऊ लागलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनीची स्वतःची पाककृती आहे आणि ती कुणी सांगत नाही. थंडीत हे रबर कडक होतं. स्पोर्ट्स प्रकारचे उन्हाळी टायर साधारण ७ अंशांच्या खाली पकड गमावू लागतात, पण सगळे सारख्या वेगाने नाही.

म्हणजे समजा, पुढचे टायर पावसासाठी उत्तम आणि मागचे कोरड्या ट्रॅकच्या ओढीने बनवलेले. मे महिन्यात ही जोडी झकास जमेल, किंबहुना मागची पकड जास्तच असेल. तीच गाडी जुलैत इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरेल तेव्हा पारडं फिरलेलं असेल, शिवाय उतारामुळे वजन पुढे सरकून मागची चाकं आधीच हलकी झालेली असतील. गाडीचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो, आणि चालकाला त्याची खबर घाटाच्या वळणावर मिळते. मिसळ करण्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा धोका हा आहे. एकाच संचाचे चार टायर वाईट असले तरी निदान एकत्र वाईट होतात.

पाण्यावर तरंगण्याचंही तसंच. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या कामातून एक सोपं सूत्र निघालं. त्याने ३२ पीएसआय हवा असलेला, खाचा निकामी झालेला टायर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास पाण्यावर तरंगू लागतो असा अंदाज येतो. खाचा खोल असल्या तर पाणी निघून जायला वाट मिळते. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून मागचे ३०५ रुंदीचे टायर झिजलेल्या अवस्थेत पावसाळ्यात नेणं हे मिसळीपेक्षाही वाईट.

पण मग कंपनी एकच ठेवली की झालं का? तेही नाही. एकाच कंपनीचा आरामदायी टूरिंग टायर आणि तिचाच ट्रॅकचा टायर यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढं दोन कंपन्यांच्या एकाच श्रेणीतल्या टायरांत बहुधा नसतं. एवढंच काय, नाव, माप, मॉडेल सगळं तेच असूनही बांधणी वेगळी असू शकते. गाडी बनवणारे आपल्या गाडीसाठी टायर खास घडवून घेतात आणि बाजूवर खूण उमटवतात: पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. पोर्शे तर एन-शून्य आणि एन-एक एकत्र लावू नका असं सांगते. दुकानात कंपनीचं नाव वाचण्याआधी ही खूण वाचावी, आणि बाजूवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडेही. त्यातले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४चा तेविसावा आठवडा.

'गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल आहे ना' हा युक्तिवादही ऐकू येतो. आहे, आणि ते मदत करतं. शेपूट सुटायला लागलं की ते बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक ब्रेकने धरून गाडी सावरतं. पण किती सुटलं की धरायचं हे ठरवताना त्याच्या डोक्यात मूळच्या टायरांचं गणित असतं. आणि पकड ते निर्माण करत नाही, असलेलीच वाटून देतं.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. कागदावर माप एक असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरांच्या प्रत्यक्ष घेरात काही मिलिमीटरांचा फरक पडतो. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत राहिली की मधला क्लच सतत घासत बसतो, आणि त्याच्या दुरुस्तीचं बिल चार टायरांपेक्षा मोठं असू शकतं. अशा गाडीत मिसळीचा विचारसुद्धा करू नये.

फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत, अगदीच इलाज नसेल तर, मी मिसळीला नाही म्हणणार नाही. मात्र एका जोडीचे दोन्ही टायर तंतोतंत सारखे हवेत, दोन्ही जोड्या एकाच श्रेणीतल्या हव्यात, टायरला झेपणारा भार आणि वेग गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको, आणि ओल्या रस्त्यावर ज्यांची पकड जास्त ते मागे.

नवे टायर मागे टाकल्यावर मात्र पहिल्याच रविवारी हौस भागवायला निघू नये. साच्यातून काढलेल्या टायरचा पृष्ठभाग घासून निघेपर्यंत निसरडा असतो, त्याला दोनेकशे किलोमीटर तरी द्यावे लागतात. शिवाय नव्या टायरच्या उंच रबरी ठोकळे वळणात जास्त वाकतात. झिजलेला टायर कोरड्यात उलट ताठ असतो. म्हणजे कंपनी, मॉडेल, खूण सगळं जुळवून फक्त मागची जोडी नवी घातली, तरी कोरड्या रस्त्यावर पारडं थोडं नको त्या बाजूला सरकतंच. पावसातला फायदा त्याहून कितीतरी मोठा, म्हणून नवे मागेच घालायचे. पुढची जोडी निम्म्याहून जास्त झिजलेली असेल, तर टायरवाल्याला चारांचा भाव विचारलेला बरा.