दोन लाईन, एकच आयपी? घेण्याआधी हे वाचा

रत्नागिरी, जयगड, गणपतीपुळे भागातील आमच्या इंटरनेट ग्राहकांसाठी

पावसाळ्यात फायबर तुटते. कधी महामार्गाच्या कामात जेसीबीने, कधी घाटात दरड आल्याने. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तर दापोली, मंडणगडकडे खांबच आडवे झाले. म्हणून हॉटेलवाले, शीतगृहवाले, दवाखाने विचारतात : दोन कंपन्यांच्या लाईन घेऊन दोन्हींवर आमचा एकच कायमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) चालेल का?

चालतो. पण त्याचा भार कोणावर पडतो, तेही कळायला हवे.

आमच्याकडचे सगळे आयपी आम्ही जगाला एकाच नोंदीने कळवतो. तुमचा आयपी दोन कंपन्यांतून चालवायचा, तर त्याची वेगळी नोंद लागते आणि ती जगभरातल्या मोठ्या राउटरांना सांभाळावी लागते. २५६ पत्त्यांहून लहान गटाची नोंद तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. १२ ऑगस्ट २०१४ला जगभरच्या या नोंदींची यादी सुमारे ५ लाख १२ हजारांवर गेली, तेव्हा काही जुन्या राउटरांची मेमरी पुरेना आणि अनेक ठिकाणी नेट अडखळले. आज ती १० लाखांच्या घरात आहे.

ही वाढ कशी रोखावी, यावर २००६ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची बैठक झाली. पुढे डझनभराहून जास्त प्रस्ताव आले. त्यातल्या ‘लिस्प’मध्ये प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) दुसऱ्या पॅकेटात घालून पाठवतात, पाकिटात पाकीट घालावे तसे. यादी लहान राहते, तुमच्या संगणकात काही बदलावे लागत नाही. पण कोणता पत्ता सध्या कुठल्या लाईनवर आहे हे आधी विचारावे लागते, ते उत्तर जुने निघाले तर पॅकेट बंद लाईनवर जाते, आणि आयपीव्ही४वर (आयपी पत्त्यांची जुनी, आजही वापरातली पद्धत) प्रत्येक पॅकेट ३६ बाइटने फुगते. ‘आयएलएनपी’ या दुसऱ्या प्रस्तावात वाटेतल्या राउटरांत बदल लागत नाही, पण दोन्ही टोकांच्या संगणकांची प्रणाली बदलावी लागते. २०११ मध्ये यावर काम करणाऱ्या संशोधन गटाचा अहवाल आला, तरी सर्वांचे एकमत झाले नाही. कंपन्या एकमेकींना या नोंदी कळवतात ती १९८९ पासूनची बीजीपी पद्धतच आजही जग चालवते.

आमच्या मते गुंतागुंत कुठल्याच प्रस्तावात संपत नाही, फक्त जागा बदलते. म्हणून आम्ही एकच बघतो : रात्री दोनला धो-धो पावसात लाईन गेली, तर बिघाड इथला माणूस शोधू शकेल का?

त्यासाठी गुंतागुंत आम्ही आमच्याकडे ठेवली आहे. एक वाट महामार्गाने मुंबईकडे, दुसरी आंबा घाटातून कोल्हापूरला. दोन्हींवर साधी बीजीपी आणि तीच एक नोंद. तुमच्याकडे आमचे फायबर, दुसऱ्या कंपनीचे सिम आणि दोन लाईन घेणारा राउटर पुरतो. फायबर गेले की तो आपोआप सिमवर जातो. आयपी बदलल्याने चालू व्हिडिओ कॉल तुटतो, व्हीपीएन (कार्यालयाशी जोडणारी सुरक्षित खासगी वाट) पुन्हा जोडावे लागते. बुकिंग आणि यूपीआयला एवढे चालते.

स्वतःचा सर्व्हर जागेवर चालवत असाल, तर मात्र स्वतंत्र नोंदीचा विचार जरूर करा. कार्यालयात या, खर्च आणि कागदपत्रे समोर बसून सांगू. सिमची रेंज तुमच्या इमारतीत कुठे मिळते, हे आमचा माणूस येऊन पाहील. हे काम पावसाआधी उरकलेले बरे.