पासवर्ड दळून ठेवायची गोष्ट

मागे एका साइटवर 'पासवर्ड विसरलो' दाबलं तर दोन मिनिटात मेल आला आणि त्यात माझाच जुना पासवर्ड, जसाच्या तसा. मित्र म्हणाला बरंय की, नवीन बनवायची कटकट वाचली. अरे बाबा, त्यांना तो वाचता येतोय म्हणजे डेटाबेस चोरणाऱ्यालाही येणार! आणि ही चूक साठेक वर्षं जुनी आहे.

एमआयटीत सीटीएसएस नावाची सिस्टीम होती, एकच कॉम्प्युटर बऱ्याच जणांनी वाटून वापरायचा, म्हणून पासवर्ड आले. पण ठेवले कुठे, तर एका साध्या फाइलमध्ये, उघडे. १९६२ मध्ये अॅलन शेर नावाच्या पीएचडीवाल्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, त्याने सरळ ती फाइल प्रिंटला लावली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम चालू केलं. १९६६ मध्ये तर कहरच, एकजण पासवर्डची फाइल एडिट करतोय, दुसरा लॉगिनवेळचा स्वागताचा मेसेज, एडिटरची तात्पुरती फाइल दोघांची एकाच नावाची, झाली अदलाबदल. मग जो लॉगिन करेल त्याच्यासमोर स्वागताऐवजी सगळ्यांचे पासवर्ड.

यावर तोड निघाली इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये. रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांचं म्हणणं, पासवर्ड ठेवूच नका, दळून ठेवा. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा परत गहू होत नाही. लॉगिनला आलेला पासवर्ड पुन्हा तसाच दळायचा आणि पीठ जुळतंय का बघायचं. हॅश म्हणतात तो हाच.

पण चोर पण दळू शकतो ना. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या अनुभवाचा पेपर लिहिला, त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१ एकतर अगदी तोकडे होते, नाहीतर डिक्शनरीत वगैरे सापडणारे, म्हणजे ८६ टक्के. त्यांचे उपाय दोन. एक, दळण मुद्दाम हळू करायचं, डीईएस नावाच्या एन्क्रिप्शनचे २५ फेरे. दुसरा सॉल्ट, म्हणजे मीठच, दळताना प्रत्येकाच्या डब्यात वेगळी चिमूट, ४,०९६ प्रकारची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सहसा वेगळं पडतं आणि चोराला सगळ्यांसाठी एकदाच दळून ठेवता येत नाही. (याच मॉरिसच्या पोराने १९८८ मध्ये इंटरनेटभर वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला आणि तो पासवर्डचे अंदाज मारत फिरत होता, घरचंच ज्ञान!)

म्हणजे १९७९ ला सगळं कागदावर होतं. १९९९ मध्ये प्रोव्होस आणि माझिएर यांचं बीक्रिप्ट हे दळायचं तंत्र आलं, त्यात मशीन फास्ट होतील तसं दळण आणखी हळू करायची सोय. तरी वेबवाले एमडी५ हे हॅशचं तंत्र वापरत बसले, जे मुळात फास्ट चालावं म्हणून बनवलेलं. रॉकयू या कंपनीने तर तेवढंही केलं नाही, २००९ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनने, म्हणजे साइटमधून डेटाबेसलाच आज्ञा घुसवून, त्यांचे ३.२ कोटी पासवर्ड गेले, सगळे उघडे. २०१२ मध्ये लिंक्डइन, हॅश होते पण अळणी.

२०१३ मध्ये अॅडोबीचा डेटा चोरीला गेला, ते प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं. त्यांनी दळलं नाही, कुलपात ठेवलं, म्हणजे एन्क्रिप्ट केलं, आणि सगळ्यांना एकच किल्ली. किल्ली बाहेर आली नाही, पण सारखा पासवर्ड म्हणजे सारखाच दिसणारा गिचमिड मजकूर, आणि शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेली हिंट उघडी. तुम्ही हिंट दिली नसेल, पण तोच पासवर्ड वापरणाऱ्या दुसऱ्या कुणी 'एक ते सहा' लिहिलं असेल तर तुमचाही गेला की. लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे ते सोडवले.

२०१५ मध्ये स्पर्धा घेऊन आर्गॉन२ हे दळायचं तंत्र निवडलं गेलं, ते मेमरीही भरपूर खातं, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर एकदम हजारो गिरण्या लावणं महागात पडतं.

थॉम्पसनचा स्वतःचा जुना युनिक्स पासवर्ड मात्र जुन्या सोर्स कोडबरोबर हॅश होऊन पडून होता, तो २०१९ मध्ये फुटला, तोही आजच्या ग्राफिक्स कार्डला चारेक दिवस राबवून. निघालं काय, तर बुद्धिबळाची चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. थॉम्पसनने फोडणाऱ्याचं एका शब्दात अभिनंदन केलं.