कॅप्चर कार्ड

कॅप्चर कार्ड : गेम कन्सोलमधून टीव्हीकडे निघालेले चित्र आणि आवाज वाटेत उचलून संगणकाला वाचता येईल अशा रूपात त्याच्याकडे पोचवणारे उपकरण. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डो स्विचवर खेळलेला खेळ संगणकावर रेकॉर्ड करायचा किंवा थेट प्रक्षेपित करायचा असेल तर ते लागते. नाव 'कार्ड' असले तरी आज टेबलावर दिसते ती बहुधा यूएसबीला जोडायची लहानशी डबी किंवा पेनड्राइव्हच्या आकाराचा डोंगल. मदरबोर्डवर खोचायच्या जुन्या कार्डांवरून हे नाव पडले. तशी कार्डे अजूनही बनतात, पण ती डेस्कटॉपवाल्यांसाठी.

हे उपकरण कशाला हवे, असा प्रश्न बहुतेकांना आधी पडतो. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी खोबण) आहे, कन्सोललाही आहे, मग मध्ये एक केबल टाकली की झाले! प्रत्यक्षात काहीच घडत नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नाही, आणि कन्सोलचाही तसाच. दोन नळ तोंडाला तोंड लावून जोडावेत, तसा हा प्रकार. केबल दोन्ही टोकांना अगदी घट्ट बसते, म्हणून भ्रम लवकर जात नाही. कोणतेही सॉफ्टवेअर टाकून किंवा सेटिंग बदलून या पोर्टची दिशा उलटत नाही. काही मोजक्या संगणकांना आत येणारा वेगळा एचडीएमआय पोर्ट दिलेला असतो, पण तो अपवाद.

जोडणी अशी असते : कन्सोलची एचडीएमआय केबल कार्डाच्या 'इन'मध्ये, 'आउट'मधून दुसरी केबल टीव्हीला, आणि यूएसबीची तार संगणकाला. टीव्हीकडे जाणाऱ्या या वाटेला 'पासथ्रू' म्हणतात आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र नेहमी थोडे उशिरा येते. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० स्थिर चित्रे, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. चित्राला १०० मिलिसेकंद उशीर झाला तर खेळाडू सहा फ्रेम जुने दृश्य पाहून बटण दाबत असतो. संथ कोड्यांच्या खेळात ते खपून जाते, मारामारीच्या किंवा फुटबॉलच्या खेळात नाही. म्हणून डोळे टीव्हीवर ठेवायचे, आणि संगणकावर फक्त रेकॉर्डिंग नीट चालू आहे ना एवढेच अधूनमधून पाहायचे. पासथ्रू नसलेला डोंगल घेतला तर ही सोयच राहत नाही, मग एचडीएमआय स्प्लिटर मध्ये घालून चित्र दोन वाटांना फोडावे लागते.

कार्डाचे खरे काम किती मोठे आहे ते आकडे मांडले की कळते. १९२० × १०८० बिंदूंची एक फ्रेम, दर बिंदूला तीन बाइट, म्हणजे साधारण ६.२ मेगाबाइट. अशा ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट आणि तासाला सुमारे १,३४० गिगाबाइट. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. या वाटेने एवढा माल जाणे शक्यच नाही. त्यामुळे यूएसबी २.० ची कार्डे चित्र आधी दाबून लहान करतात, मग पाठवतात. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट वाहून नेतो. रंगांची माहिती थोडी कमी केली की १०८० रेषांचे, ६० फ्रेमचे चित्र त्यातून न दाबता जाते. ६० फ्रेमच्या ४के, म्हणजे चौपट बिंदूंच्या, चित्राला मात्र रंग कमी करूनही सुमारे ६ गिगाबिट लागतात, आणि ते न दाबता पाठवायचे तर मदरबोर्डवर खोचायचे कार्ड किंवा अधिक वेगवान यूएसबी यांना पर्याय उरत नाही.

ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांना मिळणारे बिननावाचे डोंगल याच गणितात अडकतात. खोक्यावर '४के' छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की ४के सिग्नल आत चालतो. बाहेर मिळते ते १०८० रेषांचे, तेही बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचे. पिनेचे प्लास्टिक निळे असते, पण निळ्या रंगाने यूएसबी ३.० होत नाही. यातल्या एका फार प्रचलित चिपची गंमत अशी की ती स्टिरिओ आवाज देते, पण संगणकाला तो मोनो असल्याचे सांगते. तरीही या डोंगलला सरसकट टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. संगणक त्यांना वेबकॅम समजतो, ड्रायव्हर लागत नाही, आणि ३० फ्रेमवर भागत असेल तर शिकण्यासाठी ते पुरतात.

सगळे नीट जोडूनही पडदा काळाच राहिला तर पहिला संशय एचडीसीपीवर घ्यावा. सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून इंटेलने तयार केलेले हे एचडीएमआयवरचे कुलूप. कुलूप लागलेला सिग्नल टीव्हीला उघडता येतो, कॅप्चर कार्डाला नाही. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ वर ते कायमचे लावलेले होते आणि काढायची सोय नव्हती. म्हणून लोक एचडीएमआय सोडून लाल-हिरव्या-निळ्या पिनांच्या कंपोनंट केबलकडे वळले, कारण त्या अॅनालॉग वाटेवर हे कुलूपच नव्हते. २००८ मध्ये आलेली हॉपॉज कंपनीची 'एचडी पीव्हीआर' ही डबी कंपोनंट सिग्नल घेऊन आतल्या आत एच.२६४ या दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात बदलून देई. त्या काळातले कन्सोलवरचे कितीतरी व्हिडिओ तिच्यातून गेले. प्लेस्टेशन ४ बाजारात आला तेव्हाही कुलूप होतेच. एप्रिल २०१४ च्या अखेरीस आलेल्या १.७० या आवृत्तीने ते खेळांपुरते काढण्याची मुभा दिली. प्लेस्टेशन ५ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या क्रमाने गेले की ते बंद करता येते. मात्र ते बंद असताना सिनेमांची अॅप चालत नाहीत. एक्सबॉक्स वनने खेळांच्या चित्राला हे कुलूप लावलेच नव्हते. काही स्प्लिटर हे कुलूप परस्पर उतरवतात, पण भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम अशा संरक्षणाला बगल देण्याविषयीच आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

संगणकाच्या बाजूला बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात. ते २०१२ पासून उपलब्ध आहे. त्यात कार्ड 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' म्हणून जोडायचे. सेकंदाला २० मेगाबिट ठेवले तर तासाचे रेकॉर्डिंग सुमारे ९ गिगाबाइट होते. फाइल एमकेव्ही प्रकारात साठवावी. साध्या एमपी४ फाइलचा हिशेब, म्हणजे कोणती फ्रेम कुठे आहे त्याची यादी, रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिला जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली की दोन तासांचा खेळ एकही फ्रेम न उघडणारी फाइल बनून बसतो. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचा भाग वाचतो, आणि नंतर त्याचे एमपी४ काही क्षणांत करता येते.

रंग फिके, राखाडी दिसत असतील तर दोन कारणे संभवतात. कन्सोल एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या पद्धतीत) चित्र पाठवत असेल आणि रेकॉर्डिंग साधे असेल, तर कन्सोलवरचे एचडीआर बंद करावे. दुसरे कारण रंगमर्यादेचे. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत असतो, संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. एकाने एक गृहीत धरले आणि दुसऱ्याने दुसरे, की एक तर काळ्याची राख होते, नाहीतर अंधारातला सगळा तपशील बुडतो. आवाजाचाही असाच घोळ होतो : प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला हेडफोन लावून सगळा आवाज तिकडे वळवला की एचडीएमआयमधून काहीच येत नाही, आणि रेकॉर्डिंग मुके निघते. हेडफोन टीव्हीला किंवा संगणकाला लावावा. समालोचन करणाऱ्याचा आवाज माइकमधून लगेच पोचतो आणि चित्र मागून येते, म्हणून ओबीएसमध्ये माइकला तेवढ्याच मिलिसेकंदांचा उशीर मुद्दाम द्यावा लागतो.

आजचे कन्सोल स्वतःही रेकॉर्डिंग करतात, त्यामुळे कार्डाची गरज संपली असे वाटू शकते. पण स्विच फक्त शेवटचे ३० सेकंद जपतो. प्लेस्टेशन ४ आपणहून १५ मिनिटे जपतो, ती मर्यादा ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. शिवाय कन्सोलवरचे रेकॉर्डिंगचे बटण खेळ बनवणाऱ्याच्या ताब्यात असते. 'पर्सोना ५' हा खेळ २०१७ मध्ये इंग्रजीत आला तेव्हा अॅटलस कंपनीने प्लेस्टेशन ४ वरचे शेअर बटण त्यात जवळजवळ पूर्ण बंद ठेवले आणि कथेचा ठरावीक टप्पा ओलांडून प्रक्षेपण करणाऱ्यांना इशारा दिला. खेळाडूंच्या ओरडण्यानंतर तो टप्पा पुढे सरकवला गेला. कॅप्चर कार्डाला अशी बंदी कळतच नाही. कार्डाशिवाय दुसरी वाट रिमोट प्लेची : प्लेस्टेशनचे चित्र नेटवर्कवरून संगणकावर आणायचे आणि ती खिडकी रेकॉर्ड करायची. खर्च शून्य, पण वायफाय डळमळले की चित्रात चौकोन उमटतात. स्विच लाइटला तर चित्र बाहेर काढायची वाटच नाही. तिथे कार्डही हतबल.

जुन्या कन्सोलांचे रेकॉर्डिंग हा वेगळाच प्रांत आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले 'कॅसेट'चे व्हिडिओ गेम पिवळ्या पिनेतून किंवा थेट अँटेनाच्या खोबणीतून टीव्हीला लागत. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारे. स्वस्त अॅनालॉग डोंगल एनटीएससी या अमेरिका-जपानकडच्या टीव्ही पद्धतीवर ठेवला तर चित्र कृष्णधवल येते किंवा वरखाली सरकत राहते. सेटिंग बरोबर केले तरी एक अडचण उरते. हे खेळ पडदा रंगवायच्या दर फेरीला पूर्ण चित्र पाठवत. साधे कार्ड मात्र लागोपाठच्या दोन चित्रांना एकाच चित्राचे दोन अर्धे भाग समजून विणते, आणि हलणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. फेऱ्यांच्या निम्म्या गतीने रेकॉर्ड केले तर याहून विचित्र गोष्ट घडते. मार बसला की हीरो लुकलुकतो, म्हणजे एका फ्रेमला दिसतो आणि पुढच्या फ्रेमला नाहीसा होतो. रेकॉर्डिंगमध्ये एक सोडून एक फ्रेम गळते, आणि तो लुकलुकण्याऐवजी काही क्षण सरळ गायब होतो, किंवा जणू काही लागलेच नाही असा धावत राहतो.